१६ ऑक्टोबरला काय करायचं?

येत्या १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्या राज्यात २०१५पासून या नावाने साजरा होतो. त्या दिवशी कॉलेजात काय काय होतं, हे तुम्हाला आमच्याइतकंच पाठ आहे. लायब्ररीच्या दारात रांगोळी, टेबलांवर मांडलेली पुस्तकं, प्रतिमेला हार, दोन भाषणं आणि एक ग्रुप फोटो. वर्गावर्गातून रांगेने आणलेली मुलं टेबलाभोवती एक चक्कर मारतात. दुपारी पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. आम्ही या कार्यक्रमाला नावं ठेवत नाही, निदान वर्षातून एकदा त्या पुस्तकांना वारा लागतो. पण आज आम्हाला १५ तारखेबद्दल बोलायचंच नाहीये. १६ ऑक्टोबरला काय, एवढंच विचारायचं आहे.

आणि हा प्रश्न मुद्दाम जुन्नर आणि आंबेगावच्या मुलामुलींना विचारतोय. (बाकीच्यांनी आपापल्या तालुक्याचं नाव घालून पुढे वाचावं, फार बदलावं लागणार नाही.) जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे, मंचरचं अण्णासाहेब आवटे, घोडेगावचं बी. डी. काळे. या कॉलेजांत तुम्ही रोज येता. कुणी घाटघर-अंजनावळ्याकडून पहिल्या एसटीने, कुणी तळेघर-आहुप्याकडून, कुणी नारायणगावच्या बाजूने मित्राच्या बाइकवर मागे बसून. सगळ्यांच्या खिशात आयकार्ड असतं. लायब्ररीचं बीटी कार्ड किती जणांच्या खिशात असतं?

खरं सांगायचं तर लायब्ररीशी आपलं नातं फार कामापुरतं असतं. पहिल्या वर्षी बीटी कार्ड काढायचं, परीक्षेआधी बुक बँकेतून नेमलेली पुस्तकं घ्यायची आणि शेवटच्या वर्षी ‘नो ड्यूज’च्या सहीसाठी काउंटरवर उभं राहायचं. मधल्या काळात जी मुलं नियमित येतात ती बहुतेक अभ्यासिकेत बसतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. त्यांची पुस्तकं त्यांनी घरूनच आणलेली असतात. लायब्ररीकडून त्यांना हवी असते खुर्ची, पंखा आणि चार्जिंग पॉइंट. त्यांना हसू नका. घरी तीन माणसं एका खोलीत आणि टीव्ही चालू असेल तर शांत खुर्ची ही लहान गोष्ट नसते. फक्त त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. चार पर्यायांतून एकावर गोल करण्याचे दिवस त्या टप्प्यावर संपले, आता पानंच्या पानं स्वतःच्या शब्दांत लिहायची आहेत. आणि ज्याने गाईडपलीकडे काही वाचलेलंच नाही, त्याच्याकडे स्वतःचे शब्द येणार कुठून?

पण परीक्षेसाठी वाचा, हे सांगायला संपादकीय कशाला हवं? ते तुम्हाला क्लासवालेही सांगतात. आमचं म्हणणं वेगळं आहे. तुमच्या गावाबद्दल, तुमच्या घरादाराबद्दल जगात बरंच काही लिहून ठेवलेलं आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. ते तुमच्यापर्यंत येण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता कॉलेजच्या लायब्ररीतून जातो.

बिबट्याचंच घ्या. तुमच्याकडे दिवस मावळला की पहिला विचार त्याचाच येतो. रात्रीची लाइट आली म्हणून उसाला पाणी द्यायला जाणारे वडील, क्लासवरून उशिरा परतणारी बहीण, अंगणात खेळणारं शेजारचं पोर. हल्ल्यात कुणी गेलं की गावाचा संताप रस्त्यावर येतो, आणि त्या घरावर काय कोसळलेलं असतं ते आम्ही पुण्यात बसून सांगावं असं काही नाही. मग मागणी होते: पिंजरे लावा, पकडा, लांब नेऊन सोडा.

आता हे वाचा. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात हेच करून पाहिलं गेलं होतं. हा विभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर. वस्त्यांजवळ पकडलेले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीच्या आणि त्या काळातल्या हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ दरम्यान वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर ही सरासरी १७वर गेली. जिथे ते सोडले त्या परिसरात हल्ले वाढले आणि जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. हा निबंध २०११मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

म्हणजे वन्यजीवांचा अभ्यास करणारा परदेशातला विद्यार्थी जुन्नरचं नाव घेऊन हा निबंध वाचतो, आणि ज्याच्या घरामागे बिबट्या येतो त्याने त्याचं नावही ऐकलेलं नसतं. त्या निबंधात सगळी उत्तरं आहेत असं आम्ही म्हणत नाही. त्यानंतर बराच काळ गेला, उसातच जन्मलेल्या आणि उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या झाल्या, आजचा प्रश्न तेव्हापेक्षा मोठा आणि अवघड आहे. त्या आकड्यांवर तुम्ही शंकाही घ्या, हरकत नाही. पण ग्रामसभेत उभं राहून बोलणाऱ्याला, मग तो पकडा म्हणणारा असो वा पकडू नका म्हणणारा, आपल्याच तालुक्यात आधी काय करून झालंय आणि त्याचं काय झालं, एवढं तरी माहीत नको का? नाहीतर दर वेळी एक माणूस जातो आणि दर वेळी चर्चा पहिल्या ओळीपासून सुरू होते.

“पण ते इंग्रजीत आहे.” हो, आहे. आणि इथेच तुमची गरज लागते. झूलॉजीचा एक, इंग्रजी बरं असलेली एक आणि मराठी चांगलं लिहिणारा एक, असे तिघं लायब्ररीच्या एका टेबलावर तीन-चार शनिवार बसलात तर त्या निबंधाचा दोन पानी मराठी गोषवारा तयार होतो. अडलेला शब्द प्राध्यापकांना विचारा, निबंध कसा मिळवायचा ते ग्रंथपालांना विचारा. ती दोन पानं गावच्या पारावर वाचून दाखवा. आमच्या मते हे एका सेमिस्टरच्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा सरस काम आहे. गूगलवरून उचललेल्या ‘पर्यावरण संवर्धन’वरच्या वीस पानांपेक्षा तर नक्कीच.

लायब्ररीत तुमच्याबद्दल आणखी काय सापडेल? मंचरच्या मुलांनी आपल्या कॉलेजची पाटी नीट वाचावी. विज्ञान शाखेला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत, काळबादेवीला, परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकसमोर आडवा झाला आणि त्याखाली गेला. तेव्हा तो जेमतेम विशीत होता, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचा. डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे. रोज मार्कशीटवर, फॉर्मवर, बोनाफाइडवर आपण हे नाव लिहितो. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल चार वाक्यं सांगता येतात का, हे एकदा एकमेकांना विचारून पाहा.

आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी एक नाव: डॉ. गोविंद गारे. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीत जन्मलेला हा महादेव कोळी मुलगा शिकला, सनदी अधिकारी झाला, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा संचालक झाला. त्यांनी आपल्याच समाजावर ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा ग्रंथ लिहिला. आदिवासींवर बाहेरच्यांनी बरंच लिहिलंय. घरातल्या माणसाने लिहिलेलं वाचताना काय वाटतं, ते तुम्ही वाचून ठरवा. पटलं नाही तर तेही लिहून काढा, निमगिरीपासून दोन डोंगर पलीकडचा मुलगा त्यांना उत्तर देतोय याचा गारे सरांना आनंदच झाला असता.

नारायणगावकरांनी योगिराज बागूल यांचं ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ शोधावं. गुढीपाडव्याच्या आसपास तमाशाच्या राहुट्यांवरून तुम्ही रोज जाता-येता, त्या राहुट्यांमागचं आयुष्य त्या पुस्तकात आहे. खोडदच्या बाजूच्या मुलांना तर सांगायलाच नको. शेतातून दिसणाऱ्या त्या प्रचंड तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३०, म्हणजे जीएमआरटी ही जगातल्या नावाजलेल्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन बघायला आपण गाड्या भरभरून जातो. रेडिओ दुर्बीण नेमकं काय ‘ऐकते’, हे कळायला जयंत नारळीकरांपासून कुणाचंही खगोलशास्त्रावरचं सोपं मराठी पुस्तक पुरेल, आणि ते विज्ञानाच्या रॅकवर बहुधा कोरं करकरीत उभं असेल.

आणि नाणेघाट. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या सगळ्या चर्चेत ज्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं तो शिलालेख तुमच्या तालुक्यात आहे. सातवाहनांचा, ब्राह्मी लिपीतला, यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडेसुद्धा कोरलेला. पावसाळ्यात तिथे रील काढायला आपण जातोच. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतले लेख तर त्याहून जवळचे वाटतात, कारण त्यात राजे कमी आणि माणसं जास्त आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, चक्क यवनांनी दिलेली दानं आहेत. हे सगळं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, पुण्याच्या १८८५च्या खंडात वाचायला मिळतं आणि ते इंटरनेटवर फुकट आहे. लेण्याद्रीच्या पायऱ्या तुम्ही कितीदा चढला असाल. हे वाचून एकदा चढा.

आता दुसरा भाग, आणि आमच्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा. नुसतं वाचू नका, लायब्ररीला आठवड्यातले दोन तास द्या.

कशाला? कारण लायब्ररी काउंटरच्या अलीकडून जितकी दिसते त्यापेक्षा पलीकडून फार वेगळी दिसते. अलीकडून आपण चिठ्ठी देतो आणि पुस्तक मागतो. कोणतं मागायचं हेच माहीत नसेल तर मागणार काय? पहिल्या वर्षाचा, डोंगरातल्या वाडीवरून आलेला, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला मुलगा त्या काउंटरशी येऊन उभा राहतो, गर्दी बघतो आणि ‘नंतर येतो’ म्हणून निघून जातो. तो ‘नंतर’ पुढे तीन वर्षं येत नाही. त्याच्याच बोलीत “काय रं, काय पायजे?” असं विचारणारा दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा तिथे असेल, तर तो थांबतो. हे काम ग्रंथपालांना एकट्याने जमण्यासारखं नाही, तुम्हाला सहज जमतं.

रॅकवर हात घातलात की आणखी गोष्टी कळायला लागतात. पुस्तकाच्या कण्यावरचा तो ८९१.४६ आकडा म्हणजे मराठी साहित्य. आकडा कळला की अख्खं कपाट आपलं होतं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक असतं, कारण ते आहे असं नोंद सांगते आणि सापडत कुणालाच नाही. ती जागच्या जागी लावणं हे स्वयंसेवकाचं पहिलं काम. कंटाळवाणं आहे, पण लावता लावता एखादं उघडलं जातं, चार पानं उभ्या उभ्याच वाचली जातात. आमच्या पाहण्यातले बरेच वाचक असे उभ्याने वाचत तयार झालेत. “वाचनाची आवड लावा” असं सांगून कुणाला आवड लागलेली आम्ही तरी पाहिलेली नाही.

कामं मग पुष्कळ आहेत. निखळलेल्या पुष्ठांना खळ लावायची. मराठी पुस्तकांची नावं संगणकात युनिकोडमध्ये नीट भरायची, कारण रोमन लिपीत कशीबशी टाकलेली नावं शोधून सापडत नाहीत. दृष्टिहीन मित्राला धडे वाचून रेकॉर्ड करून द्यायचे. तुमचं कॉलेज ‘एन-लिस्ट’चं सभासद असेल तर हजारो ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं तुमच्या मोबाइलवर उघडतात. पण त्याचा लॉगिन ग्रंथपालांकडून घ्यावा लागतो, आणि हे ठाऊक नसल्याने तो कुणी मागत नाही. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मराठी विश्वकोश तर कुणालाही मोफत आहेत. दहा मुलांना हे लॉगिन करून देणं आणि एकदा वापरून दाखवणं, एवढं अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्या मनातलं खरं काम मात्र यापुढचं आहे. प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीत एक कपाट ‘जुन्नर-आंबेगाव’चं असावं. त्यात गारे असतील, विठाबाई असतील, बिबट्याचा तो गोषवारा असेल, स्मरणिका, गावांचे जुने नकाशे, यात्रांची पत्रकं असतील. आणि तुम्ही लिहून आणलेल्या वह्या असतील. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. ते गाव पाहिलेली, तिथल्या बाजाराला गेलेली माणसं आता म्हातारी झालीत. हिरडा कधी वेचायचा, कसा वाळवायचा, व्यापारी तो कसा मोजून घ्यायचा, हे तुमच्या आजीला माहीत आहे आणि ते कुठेच लिहिलेलं नाही. माळीण आठवा. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला आणि सुमारे दीडशे माणसं गेली. त्या वाटेने जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, म्हणून बाहेर कळलं. आज पहिल्या वर्षाला असलेली मुलं तेव्हा अगदी लहान होती. त्या दिवसाबद्दल वर्तमानपत्रांनी लिहिलं, अहवाल झाले. शेजारच्या वाड्यांतल्या माणसांनी काय पाहिलं, पुढचे पावसाळे कसे काढले, हे त्यांच्या शब्दांत कुणी लिहून ठेवायचं? मात्र विचारायला जाताना घाई करू नका. मोबाइलचं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय सुरू करायचं नाही, आणि समोरचा गप्प झाला तर वही मिटून चहा घ्यायचा.

एक अडचण आम्हाला दिसते, तीही बोलायला हवी. शहरात म्हणतात, लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. तुमच्याकडे त्याचा काय उपयोग? शेवटची एसटी गेली की मुक्काम स्टँडवर, आणि अंधारात उसामधून चालत घरी जा असं आम्ही कुठल्याच मुलीला सांगणार नाही, मुलालाही नाही. दुपारी कॉलेज सुटतं आणि एसटी यायला तास-दीड तास असतो, तेवढीच काय ती तुमची वेळ. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यातच काउंटरची जेवणाची सुट्टी येते. ही वेळ अर्ध्या तासाने इकडेतिकडे करून मिळाली तरी पन्नास मुलांना पुस्तक मिळेल. हे प्राचार्यांना लेखी मागा. एसटीच्या वेळापत्रकाचा फोटो अर्जाला जोडा, म्हणजे वाद राहणार नाही.

आणि मुलं पुस्तकापर्यंत येऊ शकत नसतील तर पुस्तकांनी जावं. यात नवीन काहीच नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांत फिरायच्या. १९३१ साली तमिळनाडूत मन्नारगुडीजवळ बैलगाडीवर फिरतं वाचनालय सुरू झालं, ज्याच्या उद्घाटनाला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन स्वतः गेले होते. तुम्हाला बैलगाडीही लागणार नाही. तळेघरकडे जाणाऱ्या एसटीत तुम्ही रोज बसताच. वीस पुस्तकांची एक पिशवी, एक नोंदवही आणि वाडीतल्या शाळेच्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे महिनाभर मुक्काम. महिन्याने ती पिशवी पुढच्या वाडीला. कॉलेजची पुस्तकं बाहेर द्यायला नियम आडवे येतील, तर पुस्तकं जमवा. मंचर, नारायणगाव, आळेफाट्याच्या घराघरांत वाचून झालेली पुस्तकं माळ्यावर पडलेली आहेत. जमवताना जुनी गाईडं आणि फाटके दिवाळी अंक लोक तुमच्या गळ्यात मारतील, ते हसून नाकारायला शिका.

“यातून आम्हाला काय मिळणार?” हा प्रश्न वाईट नाही. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल, कॉलेज सुटल्यावर कांदा लावायला किंवा टोमॅटोच्या मार्केटला जावं लागत असेल, तर तुम्ही फुकट तास देऊ नका. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे, तासाप्रमाणे मानधन मिळतं. त्यात नाव घाला आणि काम लायब्ररीत द्या म्हणून सांगा. एनएसएसमध्ये असाल तर वर्षाला १२० तास द्यायचेच असतात, दोन वर्षांत २४०. शिबिरात रस्ता झाडायलाही तास मोजतात, मग वाडीवर पुस्तकं नेण्याचे तास मोजायला काय हरकत आहे, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा.

महाविद्यालयांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. राज्यात कितीतरी कॉलेजांत ग्रंथालय सहायकांची, परिचरांची पदं रिकामी आहेत. स्वयंसेवक म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीवर बसवायची फुकटची माणसं नव्हेत. दोन तास म्हणजे दोनच तास. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. हरवलेल्या पुस्तकाचा दंड स्वयंसेवकावर टाकायचा नाही. एवढं आधीच ठरवून घेतलंत तर पुढची भांडणं टळतील.

ग्रंथपालांबद्दलही जाता जाता. ते ओरडतात, बरोबर. रोज शंभर मुलं ‘बोलू नका’ची पाटी असलेल्या खोलीत बोलत असतील तर तुम्हीही ओरडाल. पण “सर, मॅडम, मला दोन तास काम करायचंय,” असं म्हणत एखादा विद्यार्थी आपणहून आला तर त्यांचा चेहरा बघा. आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांपैकी कुणी नाही म्हटलं नाही. एकीने मात्र “किती दिवस टिकणार?” असं विचारलं, आणि तो प्रश्न रास्त आहे.

आता सेमिस्टरच्या परीक्षा तोंडावर आहेत, मग दिवाळी. त्यामुळे १६ ऑक्टोबरला फार काही करायचं नाहीये. लायब्ररीत जाऊन स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं, दुसऱ्या सत्रातले आपले दोन तास कोणते ते टाइमटेबल बघून ठरवायचं आणि सुट्टीसाठी एक पुस्तक घेऊन निघायचं. पातळ घ्या, एसटीत वीस पानं होतात. नाही आवडलं तर अर्धं सोडून परत करा, कुणी विचारत नाही. बीटी कार्ड हरवलं असेल तर डुप्लिकेटचा अर्ज मात्र आजच टाका. त्याला प्रत्येक कॉलेजात दोन-चार दिवस लागतातच, आणि कार्डाशिवाय काउंटरवर तुमचं काही चालणार नाही.